इनिश मोरच्या कड्यांवर एक दिवस: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, गॉलवे उपसागराच्या तोंडाशी तीन बेटं ओळीने आहेत: इनिश मोर, इनिश मान आणि इनिश ईर. तिन्ही मिळून आरन बेटं. इनिश मोर त्यातलं सगळ्यात मोठं. मोठं म्हणजे तरी किती, लांबी साधारण 14 किलोमीटर, रुंदी चारच्या आत आणि वस्ती आठशेच्या आसपास. उत्तरेकडे बेट पायरीपायरीने उतरत समुद्राला मिळतं. धक्का, गावं, वाळूच्या पुळणी सगळं त्या अंगाला. दक्षिणेकडे ते सरळ तुटतं. तिकडे कडा आहे आणि कड्याखाली अटलांटिक.

डब्लिन, गॉलवे, लिमरिकला शिकायला किंवा नोकरीला आलेली मराठी मंडळी हल्ली उन्हाळ्यात इथे हटकून येतात, भारतातून आलेल्या आईवडिलांनाही घेऊन येतात. बहुतेकजण मिनीबसने डून एंगसचा किल्ला पाहतात, लोकरीचा स्वेटर घेतात आणि पाचच्या बोटीने परत. त्यात वाईट काही नाही. पण हे बेट पायी फिरायचं आहे, आणि त्यासाठी गिर्यारोहक असण्याची गरज नाही. गरज आहे ती नीट आखणीची, कारण इथल्या कड्याला कठडा नाही. फलक आहेत, पण दोरी, जाळी, शिट्टी मारणारा रखवालदार यातलं काही बहुतेक ठिकाणी दिसणार नाही. कडेच्या किती जवळ जायचं आणि कुठून मागे फिरायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं. म्हणून पुढे प्रेक्षणीय स्थळांइतकंच वारा, लाटा आणि घड्याळ यांबद्दलही लिहिलं आहे.

दिवस कोणता निवडावा

मे, जून आणि सप्टेंबर हे उत्तम महिने. मे महिन्यात खडकांच्या फटींतून गडद निळ्या जेन्शियनची फुलं वर येतात, आणि दिवस मोठा असतो. जूनअखेरीला सूर्य रात्री दहानंतर मावळतो. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी फार. डिसेंबरात साडेचारच्या आतच सूर्यास्त होतो आणि बोटी रद्द होण्याचं प्रमाणही वाढतं, त्यामुळे पहिल्या खेपेला हिवाळा नको.

तारीख ठरली की दोन दिवस आधीपासून मेट एरन, म्हणजे आयर्लंडच्या हवामान खात्याचा अंदाज रोज बघत जा. पाऊस पडणार का, हा त्यातला सगळ्यात बिनमहत्त्वाचा भाग. पाऊस थोडाफार पडणारच, आणि अर्ध्या तासात जाणारही. बघायच्या त्या तीन गोष्टी: वाऱ्याचा जोर (सरासरी वेग वेगळा आणि झोत वेगळे, झोतांचा आकडा पाहा), वाऱ्याची दिशा, आणि समुद्रावरच्या लाटांची उंची. पिवळा, नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर कड्याचा विचार सोडून द्या. भरती-ओहोटीच्या वेळा कागदावर लिहून ठेवा, दुपारी त्या लागतील.

भारतातून थेट येणाऱ्यांसाठी एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. आयर्लंड शेंगेनमध्ये नाही. युरोपच्या सहलीचा शेंगेन व्हिसा इथे चालत नाही, आयर्लंडचा वेगळा घ्यावा लागतो. ब्रिटनच्या काही व्हिसांवर ब्रिटिश-आयरिश योजनेचा शेरा असतो, त्यावर मात्र भारतीयांना दोन्हीकडे जाता येतं. तुमच्या व्हिसावर तो शेरा आहे का, हे तिकिटं काढण्याआधी तपासा.

बेटावर पोहोचणं

वर्षभर चालणारी बोट रॉसाव्हीलच्या धक्क्यावरून सुटते. गॉलवे शहरापासून हे अंतर साधारण 37 किलोमीटर. बोटीच्या वेळेला जोडलेली बस शहरातून निघते आणि तिला सुमारे तासभर लागतो. बोटीचं तिकीट काढतानाच बसचंही काढा, बरेचजण ते विसरतात आणि मग सकाळी टॅक्सी शोधत बसतात. पाण्यातला प्रवास साधारण 40 मिनिटांचा. उन्हाळ्यात क्लेअर परगण्यातल्या डूलिनहून आणि थेट गॉलवेच्या गोदीतूनही बोटी असतात. छोटं विमानसुद्धा आहे, पण चालायला निघालेल्याने बोटच घ्यावी.

डब्लिनहून एका दिवसात जाऊन येण्याचा अट्टहास करू नका. आदल्या रात्री गॉलवेला मुक्काम करा. आणि जमत असेल तर एक रात्र बेटावरच राहा, हा माझा आग्रहाचा सल्ला. शेवटची बोट गेली की रस्ते मोकळे होतात, घाई संपते, आणि जूनमध्ये रात्री नऊलाही उजेडात चालता येतं. ते शक्य नसेल त्यांच्यासाठी पुढे एका दिवसाचा हिशोब दिलाच आहे.

बोट लागण्याचा त्रास असेल तर गोळी निघण्याआधी अर्धा तास घ्या, बोट हलायला लागल्यावर नव्हे. मागच्या बाजूला, मोकळ्या हवेत बसा आणि नजर क्षितिजावर ठेवा. परतीची बोट खराब हवेमुळे रद्द होऊ शकते, हे गृहीत धरूनच पुढची आखणी करा. दुसऱ्या दिवशी सकाळी डब्लिनहून मुंबईचं विमान असेल तर आदल्या दिवशी इनिश मोर नको.

पायात आणि पाठीवर

घोट्यापर्यंत येणारे, खोल नक्षीच्या तळव्याचे बूट हवेत. इथला खडक चुनखडीचा आहे. कोरडा असताना त्यावर पाय छान धरतो, ओला झाला की ज्या वाटांवरून रोज माणसं जातात तिथे तो काचेसारखा गुळगुळीत लागतो. साधे पळण्याचे बूट रस्त्यावर ठीक, कड्याकडे नाही.

छत्री आणू नका, वाऱ्यात तिचा काही उपयोग होत नाही. आपल्याकडे पावसाळी ट्रेकला सर्रास वापरतात तो प्लास्टिकचा पोंचोही नको. तो शिडासारखा फुगतो आणि कडेजवळ माणसाला ओढतो. अंगाला धरून राहणारं, टोपी आवळता येणारं जाकीट घ्या. आत पातळ थर दोन-तीन. उन्हाळ्यातही दिवसाचं तापमान 16-18 अंशांच्या घरात असतं, वाऱ्यात त्याहून खूप कमी जाणवतं, त्यामुळे कानटोपी जुलैतही पिशवीत असू द्या. जीन्स भिजली की दिवसभर वाळत नाही.

पाणी माणशी दोन लिटर. बेटावर नदी नाही, ओढा नाही. पाऊस पडतो आणि फटींतून थेट खाली जातो. बोट लागते त्या किलरोनन गावात सुपरमार्केट आहे, एटीएम आहे, खायची ठिकाणं आहेत, पण गाव सोडलं की किल्ल्याखालच्या किलमर्वीपर्यंत भरवशाचं काही नाही, आणि तिथलंही हंगामावर अवलंबून. शाकाहारी मंडळींनी डबा न्यावा हेच बरं. दशम्या आणि कोरडी चटणी, किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या वाऱ्यात उभ्या उभ्या खाता येतात, सांडत नाहीत आणि हातही फारसे काढावे लागत नाहीत. थर्मासमध्ये चहा घ्याच.

नकाशा फोनवर आधीच उतरवून घ्या, कड्यांच्या बाजूला सिग्नलचा भरवसा नाही. कागदी नकाशा हवा असेल तर आयर्लंडच्या सर्वेक्षण खात्याच्या डिस्कव्हरी मालिकेतला 51 क्रमांकाचा. इथे आयरिश भाषा रोजच्या वापरात आहे आणि रस्त्यांच्या पाट्या फक्त आयरिशमध्ये असतात. इंग्रजी नकाशावरचं नाव आणि पाटीवरचं नाव दिसायला अगदी वेगळं असू शकतं. जिथे जायचंय त्या चार-पाच जागांची दोन्ही नावं फोनमध्ये लिहून घ्या. बोलायला इंग्रजी सगळीकडे चालतं.

पायाखालचा खडक

यावर जरा थांबतो, कारण इथे मुरगळलेले बहुतेक घोटे हा खडक न समजल्यामुळे मुरगळतात.

तीस-पस्तीस कोटी वर्षांपूर्वी इथे उष्ण, उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी शंखशिंपल्यांचा गाळ साचून हा चुनखडक झाला, थरावर थर. दोन थरांमध्ये मातीचे पातळ पट्टे आहेत आणि ते लवकर झिजतात. म्हणून अख्खं बेट पायऱ्यापायऱ्यांचं झालं आहे. पुढे हिमयुगात बर्फाने वरची माती खरवडून नेली आणि जाताजाता पलीकडच्या कॉनमाराचे ग्रॅनाइटचे धोंडे इथे टाकून दिले. करड्या चुनखडीवर एखादा वेगळ्याच रंगाचा, गोलसर मोठा धोंडा एकटाच दिसला तर तो असा आलेला.

उघड्या पडलेल्या चुनखडीवर पावसाचं पाणी हजारो वर्षं काम करत आलं आहे. त्यामुळे वर सपाट फरशा आणि त्यांच्यामध्ये उभ्या भेगा. भेग कुठे चार बोटांची, कुठे पाऊल आत जाईल इतकी. खोली कधी गुडघ्याइतकी, कधी त्याहून जास्त. भेगेच्या आत वाकून पाहा: वर वाऱ्याने एक झुडूप टिकू दिलेलं नाही आणि आत सावलीत, ओलाव्यात हंसराजाचं नाजूक नेचं वाढलेलं असतं. मात्र पाहायचं तर थांबून पाहा. चालताना फक्त पायाकडे लक्ष, देखावा बघायचा असेल तेव्हा पाय थांबले पाहिजेत. फोन खिशात. भेगेवर गवत वाढून ती झाकली गेलेली असू शकते, त्यामुळे गवतापेक्षा उघड्या दगडावर पाय टाका. सुटी लादी डुगडुगते का, हे वजन टाकण्याआधी पायाच्या टोकाने चाचपून घ्या.

वारा आणि कडा

इनिश मोरचे कडे दक्षिण-नैर्ऋत्येकडे तोंड करून आहेत. इथला नेहमीचा वारा नैर्ऋत्येचा, म्हणजे समुद्राकडून जमिनीकडे येणारा. तो तुम्हाला मागे ढकलतो. थकवतो, पण ढकलतो ते सुरक्षित बाजूला. वारा उत्तरेचा किंवा ईशान्येचा असेल तेव्हा गणित उलटं होतं. अशा दिवशी ऊन असतं, हवा स्वच्छ असते, फोटो सुंदर येतात, आणि पाठीवर बसणारा प्रत्येक झोत तुम्हाला कडेकडे सरकवतो. पहिल्यांदा आलेल्यांना हा दिवस छान वाटतो, म्हणूनच तो जास्त जपण्याचा.

माझा नियम साधा आहे. झोत ताशी 50 किलोमीटरच्या वर असतील तर कडेला जायचं नाही, दिशा कोणतीही असो. त्याहून कमी असतील तरी डोक्याला पाय लावून आडवी झोपली तर तीन माणसं मावतील एवढं अंतर कडेपासून राखायचं. कारण फक्त वारा नाही. थरांमधली माती झिजल्याने कित्येक ठिकाणी वरची लादी खालून पोखरलेली आणि बाहेर आलेली आहे. तुम्ही ज्यावर उभे आहात त्याच्या खाली काय आहे हे वरून दिसत नाही. लोक पोटावर झोपून खाली डोकावतात. उभं राहून डोकावण्यापेक्षा ते बरं, पण पोखरलेल्या लादीला तुम्ही उभे की आडवे याने काही फरक पडत नाही. कड्याची उंची खरी दिसते ती बाजूने. थोडं मागे राहून डावी-उजवीकडचे कडे पाहा. भिंतीसारखी उभी चुनखडी, तिच्यातले आडवे थर आणि पायथ्याशी फुटणारी लाट एका नजरेत येतात.

मुलं बरोबर असतील तर कड्याच्या भागात हात धरूनच. यात सूट नाही.

धक्क्यावरून किलमर्वी

बोट किलरोननच्या धक्क्याला लागते. उतरल्या उतरल्या मिनीबसवाले, घोडागाडीवाले आणि सायकली भाड्याने देणारे भेटतात. एका दिवसासाठी आलेल्यांनी इथे एक निर्णय घ्यायचा आहे. किलरोनन ते किलमर्वी सुमारे सात किलोमीटर. जाऊन-येऊन सगळं पायी केलं तर किल्ला आणि पोल ना बेश्त हे समुद्रविवर (खडकातला, खालून समुद्राला जोडलेला हौद) धरून वीसेक किलोमीटर होतात. सकाळी अकराच्या सुमारास उतरून संध्याकाळी पाचला परत बोटीत बसायचं असेल तर एवढं अंतर धापा टाकत कापावं लागेल. म्हणून जाताना वाहन, येताना पायी. मिनीबसवाले साधारणपणे पूर्ण फेरीचं भाडं सांगतात. फक्त किलमर्वीपर्यंत सोडाल का, असं सरळ विचारा. दुसरा पर्याय सायकलचा. ती किलमर्वीला लावून चालायला जायचं आणि तिच्यावरूनच परतायचं. वेळ भरपूर वाचतो, पण पश्चिमेचा वारा असेल तर तो जाताना समोरून येतो, हे लक्षात ठेवा.

उलट का नाही, म्हणजे आधी पायी आणि येताना वाहन? कारण संध्याकाळी वाहन मिळालं नाही तर बोट चुकते. आपले पाय हातचे असतात.

डून एंगस

किलमर्वीला अभ्यागत केंद्र आहे. किल्ला सरकारच्या सार्वजनिक बांधकाम कार्यालयाच्या ताब्यात आहे, तिकीट माफक. स्वच्छतागृह इथेच वापरून घ्या. केंद्रापासून किल्ला साधारण 900 मीटर. वाट आधी खडीची, शेवटी ओबडधोबड खडकाची. वीस मिनिटं पुरतात. आईवडील बरोबर असतील आणि गुडघे दुखत असतील तर शेवटचा टप्पा सावकाश, काठी घेऊन.

दोन्ही बाजूंना दगडांच्या भिंती दिसतील, आणि पुढे दिवसभर दिसत राहतील. कोकणातले गडगे ज्यांनी पाहिलेत त्यांना त्या लगेच ओळखीच्या वाटतील: चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड. फक्त इथे त्या एकेरी दगडाच्या, आरपार उजेड दिसेल अशा रचतात, म्हणजे वारा अडून भिंत पडत नाही. आतल्या इवल्याशा शेतांमधली माती पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावरची वाळू आणि शेवाळ आणून, खडकावर पसरून तयार केलेली आहे. शेतांना बहुधा फाटक नसतं. भिंतीतच एक खिंडार असतं, सुट्या दगडांनी बुजवलेलं. गुरं न्यायची वेळ आली की शेतकरी दगड काढतो आणि नंतर परत रचतो. आपण या भिंतींवर चढायचं नाही. चुकून दगड पडलाच तर उचलून जागेवर बसवायचा. आणि भिंतीचे किंवा किल्ल्याचे दगड घेऊन छोटे मनोरे रचायचे नाहीत. अनेक प्रवासी ते करतात, आणि तो दगड कुठून तरी उचललेलाच असतो.

किल्ल्याला अर्धवर्तुळाकार तटांची तीन मोठी कडी आहेत, आणि समुद्राकडची बाजू उघडी, तिथे थेट कडा. खाली समुद्र शंभर मीटरच्या आतबाहेर. 1990च्या दशकातल्या उत्खननात इथली वस्ती तीन हजार वर्षांहून जुनी असल्याचं दिसलं. सगळ्यात आतला तट चार-पाच मीटर उंच आणि तसाच जाड, त्याला एकच बुटका दरवाजा. पण मला त्याहून जास्त थांबवतो तो मधला पट्टा: हजारो टोकदार दगड जमिनीत तिरके-उभे रोवलेले, इतके दाट की त्यातून धावत येणं अशक्य. हल्ला करणाऱ्याला अडवायला केलेली ही सोय आजही चोख काम करते. वाट त्यातूनच जाते, ती सोडू नका. इथल्या कडेलाही कठडा नाही, हे पुन्हा सांगतो, कारण आत शिरल्यावर मोकळं मैदान दिसतं आणि माणसं सहज पुढे चालत जातात.

बोटीतली सगळी गर्दी साधारण एकाच वेळी इथे येते. तुम्ही थेट आलात तर त्यांच्या थोडे आधी पोहोचाल. अर्धा तास वर थांबा, मग उतरा. डबा खाली किलमर्वीच्या पुळणीवर उघडा. पांढरी वाळू, वारा कमी, आणि समोर पाण्यापलीकडे कॉनमाराचे डोंगर.

समुद्रविवराकडे

आता दिवसातला सगळ्यात विलक्षण टप्पा. किल्ल्यावरून कड्याकडेने पूर्वेला चालत गेलं तरी इथे पोहोचता येतं आणि सराईत लोक जातात. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी जाऊ नये. वाट आखलेली नाही, मध्ये भिंती येतात, भेगा रुंद आहेत. किलमर्वीहून गोर्ट ना गापल या छोट्या वस्तीपर्यंत रस्त्याने या (साधारण वीस-पंचवीस मिनिटं) आणि तिथून समुद्राकडे वळा. पुढचा किलोमीटरभर उघड्या फरशीवरून. काही ठिकाणी दगडांवर लाल रंगाच्या खुणा दिसतात, पण खुणांवर विसंबून न राहता नकाशाही बघत चला, आणि मागे वळून वस्ती कुठे दिसते ते लक्षात ठेवत जा. परतताना सगळे दगड सारखेच दिसतात.

पोल ना बेश्त म्हणजे खडकात पडलेला एक लांबट चौकोनी हौद. कडा काटकोनात, बाजू सरळ, तळाशी हिंदकळणारं काळं पाणी. माणसाने कोरला असावा असंच वाटतं, पण चुनखडी तिच्यातल्या सरळ उभ्या सांध्यांवर फुटते आणि छत कोसळलं की असा आकार उरतो. खालून तो गुहेने समुद्राला जोडलेला आहे. म्हणून बाहेर लाट फुटली की काही क्षणांनी आतलं पाणी वर चढतं. 2012 साली इथे जागतिक क्लिफ डायव्हिंग मालिकेची फेरी झाली. सूर मारणारे व्यावसायिक होते, सोबत बचाव पथक होतं. तुम्ही पोहणार नाही आहात. शांत दिसणाऱ्या दिवशीही नाही.

विवर पाहायच्या दोन जागा आहेत. वरच्या कड्यावरून अख्खा आकार दिसतो, आणि पहिल्या खेपेला तेवढं पुरे. खालच्या सपाट खडकावरून अगदी काठापर्यंत जाता येतं, पण ते फक्त समुद्र शांत असताना, ओहोटीच्या वेळी. उतरण्याआधी वर थांबून निदान पंधरा मिनिटं नुसतं बघा. अटलांटिकच्या लाटा एकसारख्या येत नाहीत. दहा मिनिटं बेताच्या येतात आणि मग दोन-तीन मोठ्या एकापाठोपाठ. खडकाचा रंग वाचा. कोरडा खडक फिकट करडा दिसतो, ओला गडद. जिथवर तो ओला आहे तिथवर आज पाणी आलेलं आहे, मग आत्ता लाट कुठे का फुटत असेना. पाऊस नसताना सगळा खालचा सपाट भाग ओला दिसला, तर उतरायचं नाही.

कड्यांच्या माथ्यावर, काठापासून थोडं आत, मोठमोठ्या शिळांचे बांध दिसतील. मला ते किल्ल्याच्या तटाइतकेच बघण्यासारखे वाटतात. ते कोणी रचलेले नाहीत. हिवाळ्यातल्या वादळी लाटांनी काठाचा खडक उपटून वर फेकला आहे. 2013-14च्या हिवाळ्यातल्या वादळांनंतर यातल्या कित्येक शिळा सरकल्याचं संशोधकांनी आधीच्या आणि नंतरच्या छायाचित्रांवरून दाखवलं. कडा आणि बांध यांच्यामधली जमीन लाटांच्या पोहोचेतली आहे, एवढं तो बांध पाहून समजून घ्यावं.

परतीचं घड्याळ

पाचची बोट असेल तर विवरापासून पावणेतीनला मागे फिरा. सव्वातीनच्या आत गोर्ट ना गापलला असाल तर किलरोननपर्यंत पायी जायला हरकत नाही, सहाएक किलोमीटर, सामान्य चालीने दीड तास. त्याहून उशीर झाला असेल तर किलमर्वीच्या तिठ्यावर जाऊन मिनीबस पकडा आणि मन खट्टू करून घेऊ नका. बोटीच्या वेळा हंगामानुसार बदलतात, त्यामुळे सकाळी उतरतानाच परतीची वेळ धक्क्यावर विचारून घ्या आणि हे सगळे आकडे त्याप्रमाणे पुढेमागे करा.

परतायला दोन रस्ते आहेत. वरचा रस्ता जरा जवळचा, उंचावरून उपसागर दिसतो, पण वाहनं जास्त. खालचा किनारी रस्ता सपाट आहे आणि मी तोच निवडतो. त्यावर पोर्ट खोरूखची खाडी लागते. ओहोटी असेल तर पाण्यातल्या खडकांवर सील पहुडलेले दिसतात. आधी फक्त करडे दगड दिसतात. थोडा वेळ थांबलं की त्यातला एखादा दगड मान वर करतो. रस्त्यावरूनच पाहा, जवळ गेलात तर ते पाण्यात उतरतात आणि त्यांची विश्रांती मोडते. दुर्बीण असेल तर इथे काढा.

वाहन आलं की एका बाजूला, एका रांगेत व्हा. चालक स्टीअरिंगवरून एक बोट उचलून नमस्कार करतो. तुम्हीही हात वर करा.

काही बरंवाईट झालंच तर 112 किंवा 999 लावा आणि कोस्ट गार्ड मागा. आपण कुठे आहोत ते जागेच्या नावाने आणि शक्य असेल तर फोनवरच्या अक्षांश-रेखांशांसह सांगा. किलरोननला जीवरक्षक बोटीचं केंद्र आहे. कोणी पाण्यात पडलं तर मागोमाग उडी मारायची नाही. फोन लावायचा आणि त्या माणसावरची नजर हलू द्यायची नाही.

रात्र राहिलात तर

मग दुसऱ्या दिवशी सकाळी डून दूखाहर. किलरोननच्या दक्षिणेला, सुमारे तीन किलोमीटरवर, समुद्रात घुसलेल्या भूशिरावर हा काळ्या दगडांचा किल्ला आहे. भूशिराच्या मानेवर आडवा टाकलेला एकच भक्कम तट, बाकी तिन्ही बाजूंना कडा. इथे केंद्र नाही, तिकीट नाही आणि सकाळी बहुधा माणूसही नाही. पिवळ्या रंगातला चालणारा माणूस आणि बाण ही आयर्लंडमधल्या आखलेल्या पायवाटांची खूण. ती बेटावर बऱ्याच वळणांवर भेटते, पण शेवटचा टप्पा उघड्या खडकावरूनच आहे. तट मजबूत असला तरी त्याच्या टोकाशी, जिथे तो कड्याला भिडतो, तिथून वळसा घालून आत जाऊ नका. ती जागा अरुंद आहे आणि खालची जमीन समुद्र खातो आहे. तटाच्या अलीकडे बसलात तर सकाळच्या उजेडात कड्यांची रांग दिसते.

जाऊन-येऊन आणि तिथे तासभर बसून अडीच ते तीन तास धरा. सकाळी साडेसातला निघालात तर साडेदहाला गावात परत, पोटभर नाश्ता करून दुपारच्या बोटीला निवांत. एकटे जात असाल तर जिथे उतरला आहात तिथल्या मालकांना कुठे चाललात आणि कधी परताल ते सांगून निघा. आल्यावर, परत आलो, हेही सांगा.